दोन सुतांचा फरक

वाटणीच्या वेळी माझा थोरला भाऊ माझ्याशी भांडला नाही. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आमचं घर नाशिकच्या आडगाव नाक्याच्या पलीकडे. ट्रक दोघांच्या मालकीचा होता. पिंपळगावहून द्राक्षं भरायची, कांदा भरायचा, मुंबई गाठायची. भाव करणं माझ्याकडे आणि गाडी त्याच्याकडे, अशी न बोलता झालेली विभागणी होती. व्यापारी, हमाल, स्पेअरपार्टचा दुकानदार, सगळ्यांशी मी घसा फोडायचो. तो तेवढा वेळ बोनेटमध्ये डोकं घालून उभा असायचा. वडिलांनी आम्हाला काही ठेवलं नव्हतं. जे उभं केलं ते माझ्या तोंडावर आणि त्याच्या हातांवर.

वेगळं व्हायचं ठरलं तेव्हा मी रात्रभर तयारी करून बसलो होतो. आधी ट्रक मागायचा. तो नाही म्हणेल. मग एक एक पायरी उतरत जाऊन कुठेतरी मधे थांबायचं. सकाळी मामा येऊन बसले.

मी म्हटलं, "ट्रक मला पाहिजे."

तो म्हणाला, "बरं."

"सायखेड्याचा जमिनीचा तुकडा तू घे. पण घराची रस्त्याकडची बाजू माझी."

"बरं."

मामांनी विचारलं, "अरे, तुला काही मागायचं हाय का नाय?"

तो जरा विचार करून म्हणाला, "पान्यांची पेटी द्या."

संपलं. संध्याकाळपर्यंत भावकीत बोलणं सुरू झालं की धाकट्याने थोरल्याला गुंडाळलं. मी कुणाला गुंडाळलं नाही. समोरचा बोललाच नाही तर सौदा एकट्याने कसा करायचा? त्याने दोन शिव्या दिल्या असत्या तर मी स्वतःहून जमिनीसोबत रस्त्याकडची बाजूही सोडली असती. पण त्याने मला तशी संधीच दिली नाही. अंगणात मधोमध छातीएवढी भिंत आली. त्याच्या बाजूला गच्चीवर जायचा जिना, माझ्या बाजूला ट्रक.

दुसऱ्या वर्षी द्राक्षाचा सीझन ऐन भरात असताना इंजिनाचा पट्टा किंचाळायला लागला. इंजिनाच्या तोंडाशी तीन पुल्या असतात. खाली क्रँकची, वर पंख्याची, बाजूला डायनामोची. एकच पट्टा तिन्हींना फिरवतो. मी तो दोनदा बदलला. नवा पट्टा चार दिवस गप्प बसायचा आणि पुन्हा ओरडायचा. शेवटी बोट घालून पाहिलं तर तिन्ही पुल्यांच्या खाचा झिजून तळाशी आरशासारख्या चकाकत होत्या. पट्टा खाचेच्या भिंती धरतच नव्हता, तळावर घसरत होता. भाऊ गाडीवर असता तर पहिल्याच किंचाळीला त्याने हे सांगितलं असतं.

मिस्त्रीकडे जायची सोय नव्हती. मागच्याच महिन्यात त्याच्याशी माझं वाजलं होतं. क्लीनर माझ्या तोंडाला कंटाळून निघून गेला होता. बायको मुलांना घेऊन माहेरच्या लग्नाला गेलेली. दोन दिवसांनी गाडी भरायची होती. मी ठरवलं, पुल्या आपणच घरी बदलायच्या.

क्रँकची आणि पंख्याची पुली दुकानातून नवी आणली. डायनामोच्या पुलीचा भाव ऐकून डोकं फिरलं. तसाच उठलो आणि भंगार बाजारातून एका मोडलेल्या गाडीची पुली निम्म्याहून कमी भावात आणली. खाच चांगली होती, भोक जुळत होतं. दुकानदाराचं तोंड आठवून मी परत येताना हसलोसुद्धा.

सकाळी जाळी आणि रेडिएटर काढून ठेवला. जुनी पुली ओढून काढायला पुलर लागतो. तो पेटीत होता आणि पेटी भिंतीपलीकडे. मागितला असता तर तो "बरं" म्हणून देऊन गेला असता. तेच मला नको होतं. मी बाजारातून नवा पुलर आणला.

दुपारी तीनपर्यंत तिन्ही पुल्या बसल्या. राहिली ओळ. तिन्ही एका रेषेत नसतील तर पट्टा तिरका चालतो आणि स्वतःलाच खातो. आम्ही दोघं ते दोरीने बघायचो. मी खाली बसून दोरीचं टोक क्रँकच्या पुलीच्या कडेला धरायचो, तो वरून डायनामोच्या कडेला ताणायचा. "लागली?" "लागली." इतकंच बोलणं. दोन माणसांचं काम आहे ते. मी खालचं टोक कपडे वाळत घालायच्या चिमट्याने अडकवलं. वर ताणलं की ते सुटायचं. पुन्हा वाकायचं, अडकवायचं, उठायचं. सहाव्या-सातव्या वेळी ते टिकलं. दोरी दोन्ही कडांना सारखी लागली. त्या रिकाम्या अंगणात मी मोठ्याने म्हणालो, "लागली."

मग पट्टा चढवला. तो ताणून बोल्ट आवळत होतो, तेवढ्यात वरून आवाज आला.

"डायनामोची आत गेलीय. दोन सूत."

भाऊ जिन्यावर उभा होता. तिथून तो पाव इंचाचा फरक सांगत होता. हातात काही नव्हतं, म्हणजे गच्चीवर जात नव्हता. किती वेळ उभा होता देव जाणे. वाटणीनंतर तो माझ्याशी पहिल्यांदाच आपणहून बोलत होता.

मी म्हटलं, "दोरी लावून बघितलंय."

"दोरी काठाला लागते, बारक्या. पट्टा खाचेत चालतो. त्या पुलीचा काठ जाड हाय. वरून बघ, पट्टा वाकडा दिसतोय."

माझी बोटं सोलली होती, पाठ धरली होती. त्यात तो वर आणि मी खाली. आणि त्याचं 'बारक्या'. वर्षभराचं सगळं एकदम तोंडाशी आलं.

"ट्रक माझा हाय. वाकडा चालंल, नाय तर जळंल. तेव्हा मामांपुढं तोंड उघडायला काय झालं होतं? तेव्हा बोलायचं होतं ना!"

मला वाटलं आता उतरेल. मला तेच हवं होतं, खरं सांगतो. उतरावं, भिंतीवरून यावं, माझ्या हातातला पाना हिसकावावा, दोन शिव्या द्याव्यात.

तो म्हणाला, "बरं." आणि घरात जाऊन दार लावून घेतलं.

दोन दिवसांनी माल भरायला निघालो, तर ओझरच्या पुढे पट्ट्याची एक कड सोलून निघाली. बोनेट उघडलं तर सगळीकडे रबराचा काळा भुगा. रस्त्याच्या कडेला बंपरवर चढून मी पहिल्यांदा वरून पाहिलं. वाकडा होता. मोजायचीही गरज नव्हती. जवळच्या वेल्डिंगच्या दुकानातून दोन सुतांचा वायसर करून घेतला, पुलीच्या मागे टाकला, बरोबर ठेवलेला जुना पट्टा चढवला. गाडी मांजरासारखी गप्प झाली.

मुंबईहून परतताना ठरवून आलो होतो की भिंतीवरून त्याला सांगायचं. इतकंच की, दोन सूतच होतं. त्याच्या दाराला कुलूप होतं. चुलत बहिणीने सांगितलं, भाऊ आणि वहिनी सायखेड्याला राहायला गेले, मळ्यात खोली बांधलीय.

त्याच उन्हाळ्यात सायखेड्याला कांदा भरायला गेलो. ती खेप मी मुद्दाम मागून घेतली होती. भाऊ बांधावरून चालत आला. पेटी आता त्याच्या पंपासाठी चालत होती, हात तसेच काळे होते. इंजिन चालूच होतं. त्याने बोनेटवर तळहात ठेवला आणि मान कलती करून ऐकत राहिला. मग म्हणाला, "वायसर टाकला वाटतं."

वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. ओझरपासून मुंबईपर्यंत आणि परत, सगळ्या रस्त्याने मी ते घोकलं होतं. पण सौदा करणाऱ्याच्या तोंडाला एक खोड असते. समोरच्याने आधी बोललेला आकडा ते कधीच कबूल करत नाही.

मी म्हणालो, "मला तेव्हाच दिसलं होतं. नंतर टाकणारच होतो."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. त्याने एकदा तरी म्हणावं की खोटं बोलतोस.

"बरं," तो म्हणाला. बोनेटवरचा हात काढून धोतराला पुसला आणि वाफ्यातल्या पाण्याचं दारं बदलायला निघून गेला.

हमालांनी गोण्या भरल्या. चहा त्याच्याकडून आला, तो मळ्यातल्या गड्याने आणून दिला. नाशिकपर्यंत गाडीत मी एकटाच होतो. पट्टा वाटेत एकदाही ओरडला नाही.