डबा बाकी

पडद्यावर अध्यक्षांचं नाव आलं आणि नावाच्या पुढे, कंसात, 'रडका'.

खालच्या ओळीत पुन्हा त्यांचंच नाव, पुन्हा 'रडका'. त्याखाली खजिनदार, 'गोड बोलतो, येत नाही'. मग वाचनालयाचं बघणाऱ्या बाई, 'जेवायला पहिल्या'. रविवारची सकाळ, मंडळाची खोली भरलेली, आणि भिंतीला लावलेल्या पांढऱ्या चादरीवर माझ्या तोंडचे शब्द वीतभर अक्षरांत.

कोणी हसलं नाही. तिसऱ्या रांगेतले एक आजोबा काठी टेकत उठले. चष्मा वर केला, खाली केला.

"अक्का, माझ्या नावापुढं 'वारले' लिहिलंय."

"दिसतंय मला."

"मी वारलो नाही."

"मग तीन वर्षं होता कुठं?"

"मुलाकडं. शहराच्या दुसऱ्या टोकाला, व्हाइटफील्डला."

"मग अक्कांचं काय चुकलं?" मागून कोणीतरी म्हणालं.

आता हे तिथवर कसं गेलं ते सांगते. मी चौथी शिकलेली बाई. मराठी वाचते, कन्नड बोलते, इंग्रजीतलं नाव ओळखते, मजकूर नाही. आमचे हे या कन्नड मुलखातल्या मराठी मंडळाचे सव्वीस वर्षं सेक्रेटरी. पीण्या भागातल्या कारखान्यात होते तेव्हा घरी आल्यावर मंडळ, निवृत्त झाल्यावर दिवसभर मंडळ. आलेला एक मेल त्यांनी कधी पुसला नाही. मेल पुसणं म्हणजे पाहुण्याला दारातून हाकलणं, असं त्यांचं मत. घरी आलेल्या पाहुण्यांचं करायला मी होते, म्हणून मत परवडत होतं. दीड लाखाच्या वर मेल साठले आणि हवा तेव्हा एकही सापडेना. शोधायची पद्धत म्हणजे बोटानं खाली खाली सरकवत जायचं आणि "थांब, आलंच" म्हणायचं.

सून पुण्याची. कंप्युटरमध्येच नोकरी. तिनं ते सगळे मेल आपल्या लॅपटॉपवर घेतले आणि एक प्रोग्राम बसवला. काळी खिडकी, त्यात शब्द लिहायचा, की डोळ्याची पापणी लवायच्या आत दीड लाखातले हवे ते मेल पुढे. त्याला लेबलंही लावता येतात. एका मेलला दहा लावा. मेल जिथला तिथं राहतो, त्याला धक्का लागत नाही.

"केवढ्याला पडला?" मी विचारलं.

"फ्री आहे, आई. ओपन सोर्स."

"फुकट देतात म्हणजे आत काहीतरी खोट असणार."

"आत काय आहे ते कोणीही उघडून बघू शकतं. जगभरातले लोक मिळून लिहितात, सुधारतात, वाटतात."

"आणि नाव काय त्याचं?"

तिनं सांगितलं. इंग्रजी होतं. अर्थ म्हणे 'फार काही नाही'. मला ते पटलं. काम करणाऱ्यानं नाव असंच ठेवावं. आमच्या मंडळाचं नाव एका पाटीवर मावत नाही.

लेबलं लावायची तर कोण माणूस कसा हे माहीत हवं. यांना विचारलं तर यांना सगळेच सज्जन वाटतात. म्हणून ते काम माझ्याकडे आलं. अवरेकाईचे, म्हणजे पावट्याचे, दिवस होते. मी शेंगा सोलत बसायची, सून पाठवणाऱ्याचं नाव आणि वरचा विषय वाचायची, मी एक शब्द सांगायची, ती मराठीत टाइप करायची.

"हे कोण, आई?"

"रडका."

"आई, ते अध्यक्ष आहेत."

"मग काय, अध्यक्ष रडत नाहीत? प्रत्येक मेलात त्याचं एकच, मला कोणी विचारत नाही. लाव."

गेलेल्यांना 'वारले' लावलं, म्हणजे आमंत्रण जायला नको. यांच्या स्वतःच्या मेलांना 'लांबण' लावलं. आणि एक लेबल मी मनापासून लावलं, 'डबा बाकी'. मी आयुष्यभर लोकांना डब्यातून घालून दिलं आहे. आपल्यात डबा परत येतो आणि रिकामा येत नाही. इथे जेवणाचे आभार मेलावर येतात आणि डबा येत नाही. विषयात खाण्याचं नाव दिसलं की मी आठवून सांगायची, आला की बाकी. सून हसायची. हे आपल्या दोघींतच, असं ठरलं होतं.

मग खोलीचं निघालं. जे. पी. नगरात एका घराच्या माडीवर मंडळाची खोली आहे. तीन कपाटं पुस्तकं आणि एक कॅरम. घराचे मालक कन्नड गृहस्थ, खालीच राहायचे, यांचे मित्र. ते गेले. मुलगा नम्र, पण पक्का. म्हणाला, "मला माडीवर ऑफिस करायचंय. अप्पांनी तुम्हाला कायमची दिली म्हणता, तर लेखी दाखवा. लेखी असेल तर मी अप्पांचा शब्द मोडणार नाही. रविवारी तुमच्या सभेला येतो."

"लेखी आहे. मेल आहे," हे म्हणाले. ते हे कित्येक वर्षं सगळ्यांना सांगत आले होते. आठवडाभर बोटानं सरकवत बसले. सुनेला हात लावू देईनात. "माझा मेल मला सापडेल." सापडेना. मंडळात कुजबुज सुरू झाली की सेक्रेटरींनी थाप मारली. हे थापा मारतात, मला ठाऊक आहे, पण दोन मिनिटांत येतो असल्या. असली नाही मारत. गुरुवारी यांच्या ताटात पोळी उरली. लग्नानंतर पहिल्यांदा. तेव्हा मी समजले, खोली गेली तर जाईल, हा माणूस खोटा ठरला तर उठायचा नाही.

सभेत हे उभे राहिले आणि म्हणाले, "अजून शोधतोय." अध्यक्ष म्हणाले, "मला तर कोणी कधी विचारलंच नाही." तेव्हा सुनेनं न राहवून लॅपटॉप जोडला आणि 'रूम' शब्द टाकला. चार हजार मेल. प्रत्येक ओळीच्या शेवटी आमची लेबलं. ती विसरली होती की ती दिसतात.

मालकांचा मुलगा पहिल्या रांगेत. शाळेत हिंदी शिकलेला, त्यामुळे अक्षरं वाचता येत होती, अर्थ नाही. त्यानं यांना कन्नडमध्ये विचारलं, "'रडका' म्हणजे?"

"पदवी आहे," हे म्हणाले.

त्यानं अध्यक्षांकडे बघून मान लववली.

"बंद कर ते!" अध्यक्ष ओरडले. सून लॅपटॉप मिटायला गेली.

"स्वल्प थांबा," मी म्हणाले. आता लाज तर गेलीच होती, कामही जायला नको. मी यांच्याकडे वळले. "अहो, मालकांनी शब्द दिला त्या दिवशी ते आपल्याकडे जेवले होते का?"

"जेवले होते की. होळिगे केल्या होत्यास तू. पुरण फार आवडलं. नेल्या पण घरी."

"कशातून नेल्या?"

मी सुनेला म्हणाले, "त्यांचं नाव टाक, आणि 'डबा बाकी' टाक."

खोलीत एकदम खोकले आले. बरेच जण आपापल्या चपलांकडे बघू लागले. मालकांचे मेल नऊशेच्या वर होते, पण या लेबलाचा एकच. विषय, होळिगे. आम्ही दोघी वरचा विषय वाचून पुढे सरकलो होतो, आत डोकावलंच नव्हतं. पुरणपोळीच्या मेलात खोली असेल असं कोणाच्या मनात येईल?

सुनेनं उघडला. मुलगा उठून पडद्याजवळ गेला आणि वडिलांचं इंग्रजी स्वतः वाचू लागला, मग थांबून त्यानं ते कन्नडमध्ये सांगितलं. होळिगे उत्तम होत्या. डबा पाठवतो. तुमच्या पुस्तकांची काळजी करू नका, जोवर वर कोणी वाचत बसतं, तोवर माडी तुमची. माझ्यानंतरही.

त्यानं चादरीकडे पाठ करून मला विचारलं, "स्टीलचा डबा का? कडी असलेला?" आणि त्यावर कोरलेलं माझं नाव त्यानं म्हणून दाखवलं. "आमच्या घरी आहे. अम्मा सारखी विचारते, ह्या नावाची बाई कोण? अप्पांनी कधी सांगितलं नाही."

"विसरले असतील," मी म्हणाले. "मी नाही विसरले."

तो हसला. म्हणाला, "सरी, ठीक आहे. माडी तुमची. पण अप्पांनी वाचणारे हवेत असं लिहिलंय. मी वर येऊन बघणार."

हे खाली बसले आणि चष्मा पुसत राहिले, बराच वेळ. त्या दुपारी पाच पोळ्या खाल्ल्या.

वाचायला मात्र आता रोज कोणीतरी बसावं लागतं. पाळ्या लावल्या आहेत. मंगळवार अध्यक्षांचा. पेपर उघडून बसतात आणि जिन्यात पाऊल वाजलं की पान उलटतात. माझ्याशी दोन महिने बोलले नाहीत. मग मला मेल पाठवला की तुम्ही मला कधीच समजून घेतलं नाहीत. सुनेनं विचारलं, लेबल काय लावू? मी म्हणाले, आहे तेच.

आठवडाभरात चार डबे परत आले. मालकांच्या मुलानं माझ्या डब्यात आपल्या आईची चक्कुली, म्हणजे आपली चकलीच, भरून पाठवली. झाकण दुसऱ्याच डब्याचं होतं, ते मी चालवून घेतलं.

त्या सभेला आम्ही एकतीस जण होतो. 'वारले' धरून एकतीसही जण जिवंत घरी गेले.