पाहुण्याच्या वाट्याचा तीनशे अकरा

आमच्या गणिताच्या सरांच्या घरी चहा फुकट मिळत नसे. कपासोबत कागद-पेन्सिल यायची आणि सर म्हणायचे, "चाय थंडी होयेपर्यंत एक भागाकार होते."

भागायची संख्या ठरलेली: दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. दोनचा एकतिसावा घात काढून एक वजा केला की ती येते. ती मूळ संख्या आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कशानेच तिला पूर्ण भाग जात नाही, हे पुस्तकात केव्हाचं छापलंय. पण सरांचं एकच, "पुस्तकानं पाह्यलं असन. म्या कुठी पाह्यलं?" बरं, शेहेचाळीस हजार तीनशे चाळीसपर्यंतची प्रत्येक संख्या लावायला नको. नियमच आहे, ज्या संख्यांना दोनशे अठ्ठेचाळीसने भागल्यावर बाकी एक किंवा त्रेसष्ट उरते, तेवढ्याच लावल्या की झालं. पावणेचारशेच्या आतच भागाकार! 'आतच' म्हणे, अकोल्याच्या उन्हात! अवघड भागाकार सर स्वतः करत, सोपे पाहुण्यांसाठी राखत. वहीत बाकी लिहायची आणि पुढे करणाऱ्याचं नाव. त्यात दूधवाल्याचंही नाव आहे.

सरांची मुलगी माधुरी माझी मैत्रीण. तिला बघायला तिवस्याचा प्रशांत आला, तेव्हा पोहे मी वाढत होते. पोरगा आवडल्याचं माधुरीने स्वयंपाकघरात मला चिमटा काढून सांगितलं. तेवढ्यात बाहेरून सरांचा आवाज आला, "तीनशे अकरानं भागून पाहा बरं."

काकूंनी कपाळाला हात लावला. प्रशांतने घाम पुसत भागाकार केला आणि कागद पुढे सरकवला. बाकी शून्य.

सर ताडकन उठले. शून्य म्हणजे संख्याच मोडली! त्यांनी उभ्याउभ्या पुन्हा भागलं. बाकी पस्तीस.

"हे शून्य कुठून आणलं?"

"सर, पस्तीसच आली होती," प्रशांत मान खाली घालून म्हणाला. "पन पयल्याच भेटीत बाकी कशी दाखवू? मले वाटलं, पुरा भाग गेला त तुमाले बरं वाटन."

मला हसू आवरेना, माधुरी मात्र रडायच्या बेतात. सरांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. वही मिटून म्हणाले, "आठ दिवसांनी या. एक भागाकार अजून देतो."

"सर, पोरीचं लग्न आहे की घटक चाचणी?" मी न राहवून विचारलं. माधुरीने आठ दिवस बापाशी अबोला धरला. नवव्या दिवशी प्रशांतने निमूटपणे बाकी लिहिली आणि एकदाचं लग्न ठरलं.

मागच्या वर्षी सर गेले. वही अमरावतीला माधुरीकडे आली. मी तिला भेटायला गेले, तेव्हा त्यातले चार भागाकार राहिले होते. मी मोबाइल काढला, तर प्रशांत ओरडला, "ताई, ठेवा तो! हातानं करू." केले. चारही वेळा बाकी उरली. सरांची संख्या शाबूत होती.

मग आम्ही मागची पानं उलटली. तीनशे अकराच्या पानावर प्रशांतचा तो कागद चिकटवलेला होता. शून्याखाली लाल शाईत सरांचं अक्षर: "उत्तर चूक. विचारल्याबरोबर खरं बोलला. पोरगा बरोबर." खाली तारीख, बघायला आले त्याच दिवसाची.

"म्हंजे आठ दिवस उगाच जीव टांगून ठेवला माह्या!" प्रशांत कपाळ बडवत हसायला लागला. माधुरीही हसली आणि हसता हसता रडायलाच लागली.

"आठ दिवस बोलली नाही मी बाबांशी," ती म्हणाली. "अन् ते रोज इचारत, माय, आज तरी चाय देशीन का?"