शमीमने पाहिलेल्या पेशी

शमीमच्या अम्मांचा फोन आला तेव्हा मी नुकतीच शाळेत शिकवून घरी आले होते. "सुमन, सुटली गो ती," एवढंच म्हणाल्या. मागे कापडाच्या लूमची खडखड चालू होती... भिवंडीत ती कुणाच्या जाण्याने थांबत नाही. महिना उलटला, तरी ते 'सुटली' मला पटलेलं नाही.

कॉलेजात शमीम आणि मी एका बाकावर बसायचो. मी खारबावची, ती भिवंडीतल्या लूममालकाची मुलगी. बी.एससी. होऊन मी शाळेत लागले, ती मुंबईच्या एका प्रयोगशाळेत संशोधनाला गेली. पेशी जगता जगता त्यांच्यात काही घातक कण तयार होतात, त्यांना निकामी करणारं एक एन्झाइम असतं. उंदराच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत ते नेमकं कुठे असतं, हे शोधायचं तिचं काम. एकदा मला तिकडे नेऊन तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला लावला. फिकट पसाऱ्यात मोठ्या, गडद तपकिरी पेशी दिसल्या. "जिथे रंग गडद, तिथे एन्झाइम जास्त. याच पेशी स्नायू हलवतात. बघ, केवढा बंदोबस्त आहे यांना!" किती खूश होती ती.

थोड्याच वर्षांत तिच्या अब्बांना लूमवरच्या तुटल्या धाग्याला गाठ मारता येईना. मग चमचा धरवेना, मग जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले, स्नायू हलवणाऱ्या पेशीच मरताहेत, औषध नाही. तरी अम्मांनी त्यांना अकलोलीच्या गरम कुंडांवर नेलं, मीही सोबत होते. शमीमने अडवलं नाही. त्यांचे पाय पाण्यात सोडताना मला हळूच म्हणाली, "त्याच पेशी गं... बंदोबस्त होता तिथे."

अब्बा गेल्यावर काही वर्षांनी परदेशातून बातमी आली. हा आजार काही घराण्यांत वारशाने येतो, आणि त्यांतल्या काहींच्या बाबतीत त्याच एन्झाइमच्या जनुकात दोष सापडलाय. राखण करणारंच का उलटतं, ते मात्र कुणाला सांगता येत नव्हतं. अब्बांची थोरली बहीणही अशीच गेली होती. मी घाबरत विचारलं, "म्हणजे तुलाही?"

"तपासून करायचं काय?" ती म्हणाली. त्याच महिन्यात पडघ्याहून आलेलं चांगलं स्थळ तिने नाकारलं. अम्मांना कारण सांगितलं नाही.

मग एका ईदला शिरखुर्म्याची वाटी तिच्या हातून निसटली. "गरम होती काय गो?" अम्मांनी विचारलं. शमीमने माझ्याकडे पाहिलं. वाटी गार होती.

पुढचं सगळं तिला आधीच ठाऊक होतं. अज्ञानातले चार दिवस दुसऱ्या रोग्याला मिळतात, तिला तेही मिळाले नाहीत. "शोध लागेल," मी म्हणायची. बोलता येत होतं तोवर ती उत्तर द्यायची, "लागेल. मी नसेन." नंतर अम्मा डाळभात चिरडून तिला चमच्याने भरवायच्या, तिचे नुसते डोळे हलायचे... आणि मी त्यांत काहीतरी आशा शोधत बसायची. नव्हती.

परवा अम्मांकडे गेले. जेवून जा म्हणाल्या. डाळीत भात कालवला, बोटांनी चिरडून चिरडून त्याची लापशी केली, चमचा भरला आणि माझ्या तोंडाजवळ आणला. मग एकदम थांबल्या.

"हात अजून ऐकत नाय गो," म्हणाल्या.

मी तोंड उघडलं.