विरजणकाकूंची वाटी

"घरी कोण कोण असतं?" आमच्या सिडकोत नव्या ओळखीत पहिला प्रश्न हाच. नाव नंतर. विरजणकाकूंचं उत्तर ठरलेलं होतं, "मी हाय आन् दही हाय." विचारणारी हसायची, आणि काकू लगेच तिला आपल्या वाटीत विरजण द्यायच्या.

नव्वदच्या दशकात लग्न होऊन मी त्या गल्लीत आले. सगळ्यांचे नवरे अंबडच्या कारखान्यांत, बायका केरळपासून बिहारपर्यंतच्या, एकीची भाषा दुसरीला धड येत नव्हती. दही मात्र सगळ्या घरांत काकूंच्याच विरजणाचं. काकू दिंडोरीकडच्या. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. दम्यामुळे त्यांना स्वतःला दही वर्ज्य होतं. "मग रोज लावता कशाला?" मी एकदा विचारलं. "दही असलं म्हंजी दार वाजतं, पोरी," त्या म्हणाल्या.

वाटी रिकामी परत द्यायची नाही, हे सगळ्याच प्रांतांतल्या आयांनी शिकवलेलं. त्यामुळे काकूंकडे केळ्याचे वेफर्स यायचे, राजमा यायचा, छठपूजेला गोड ठेकुआ यायचा. दिवेलागणीनंतर मात्र विरजण मिळत नसे. समोरची पंजाबी भाभी एकदा उशिरा गेली, तर काकूंनी ऐकवलं, "अब नही. दिया लग गया." ती वळली तशी ओरडल्या, "विरजण नाय म्हणले, बसायला नाय म्हणले का?" आणि तिला चहा पाजूनच सोडलं.

पुढे दुकानात दह्याचे डबे आले. घरांवर मजले चढले, दारांना जाळ्या लागल्या, मीही नोकरी धरली. काकूंशी कोणाचं बिनसलं नव्हतं, फक्त वाटी नेण्याची गरज उरली नाही. काकू पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायच्या, "दही लागलं का नीट?" लोक "हो काकू" म्हणत पुढे जायचे.

एका संध्याकाळी देवाजवळ दिवा लावून उठले, तर दारात काकू. हातात वाटी. "चमचाभर विरजण दे गं. माझं नासलं." दिवेलागण झाली होती, तरी मी वाटी घेतली. डब्यातलं दही दिलं, चहा टाकला. माहेरच्या द्राक्षमळ्याच्या गोष्टी सांगत त्या तासभर बसल्या. तेवढ्यात लाइट गेले, म्हणून मी त्यांना घरी सोडायला गेले. मेणबत्तीच्या उजेडात त्यांच्या ओट्यावर पातेलं दिसलं. कवडीसारखं घट्ट दही, चमचासुद्धा न लागलेलं. काकू भिंतीकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मीच वाटी घेऊन गेले.

"काकू, विरजण द्या."

"कालच तर तू मला दिलं की!"

"तेच द्या परत."

काकू इतक्या हसल्या की त्यांना खोकला लागला.

मग ते चालूच राहिलं. कधी त्या माझ्याकडे, कधी मी त्यांच्याकडे. घरात नवरा, सासूबाई, मुलं असूनही मी त्या वाटीची वाट बघायला लागले.

काकू गेल्या तेव्हा त्यांची वाटी माझ्याकडे होती. दहाव्यानंतर पुतण्या सामान न्यायला टेम्पो घेऊन आला. रिकामी कशी द्यायची, म्हणून मी वाटीत भाजलेले शेंगदाणे घालून नेले. त्यानं ते ओंजळीत ओतून घेतले आणि वाटी माझ्या हातात दिली. "ऱ्हाऊ द्या ताई, आता कोणाला लागती?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्या घरातून रिकामी वाटी घेऊन परतले. घरी गेले तर सगळे जेवायला बसले होते. मला त्यांच्यात बसवेना.