एकाच शाईची वही

लेकीने कॅनडात लग्न केलं. तिचे सासरे पहिल्यांदा नाशिकला आले, ते आपल्या वडिलांची उड्डाणांची वही घेऊनच. वडील म्हणे महायुद्धात लढाऊ विमान चालवायचे, पदकही मिळालेलं.

मी तीस वर्षं अंबडच्या कारखान्यात मापं तपासली. दर तासाचं माप त्या त्या वेळी न लिहिता कामगार शिफ्ट सुटताना एका दमात कागद भरतात, हे मला नुसत्या अक्षरावरून कळतं. असले कागद मी कितीदा फाडून फेकलेत.

या वहीतही तेच! अख्ख्या महिन्याची उड्डाणं एकाच शाईत, एकाच बैठकीत उतरवलेली. पुढचा महिनाही तसाच. पदकं काय, बाजारातही मिळतात. मला राहवेना. "हे रोजचं रोज का नाही लिहिलं, विचार त्यांना," मी लेकीला म्हणालो. तिने डोळे वटारले, पण विचारलं.

व्याही शांतपणे बोलले. लेकीने मराठीत सांगितलं, "रोज लिहिणाऱ्या मित्रांच्या वह्या मधेच थांबल्या. म्हणून यांचे वडील महिना पार पडल्याशिवाय पेनाला हात लावत नसत."