सातव्या विमानाला रंग लागला नाही

डग्लस तुस्कानोला विमानातलं काही कळत नव्हतं आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत सुटे. वसईतल्या गॅरेजात गाड्यांना रंग मारणारा माणूस. नव्व्याण्णव साली दोह्याला आला तोही गॅरेजातच. तिथे एका म्हाताऱ्या कतरी शेठची लँड क्रूझर त्याच्या हाताखालून गेली. शेठने बॉनेटमध्ये आपली दाढी न्याहाळली आणि विचारलं, "दुक्लास, तुम तय्यारा बेंट करेगा?"

शेठच्या तोंडात प बसत नसे. पेंटचं बेंट, पेपरचं बेबर. ते डग्लसने दोन दिवसांत पचवलं. पण तय्यारा म्हणजे विमान, हे त्याला शेडचं दार उघडल्यावरच कळलं.

दोह्याबाहेर, बिरकत अल अवामेरच्याही पुढे, रस्ता संपून वाळू सुरू होते तिथे ती शेड. आत सात जुनी लढाऊ विमानं. कुठल्या कुठल्या लढायांत झिजलेली, शेठने देशोदेशीच्या लिलावांतून उचललेली. "ओल्ड मत रखो," शेठ म्हणाला. "ओल्ड बोलेगा तो मेरा बीवी बोलेगा, खलास, फेंको! न्यू करो."

डग्लसने न्यू केली. त्याच्या गावात चर्चच्या सणाआधी घराला रंग लागतो. त्याची रजा दोन वर्षांतून एकदा आणि ती सणाशी कधी जुळली नाही. मग त्याने परस्पर सोय लावली: सणाआधी तिकडे बायको, आयरीन, घर रंगवून घेणार, इकडे तो एक विमान. जुना रंग पत्र्यापर्यंत घासायचा, पोचे ठोकायचे, खळग्यांत लांबी भरायची, मग स्प्रे-गनने रंगाचे हात मारायचे. फोनवर दोघांचं तेवढंच चाले.

"काय रे, जेवली का तुझी विमानं?" आयरीन विचारी.

"जेवली. तू आधी घासून घेतलंस का? जुन्यावर नवा मारू देऊ नको हां, पापुद्रे सुटतात."

मग लेक फियोना फोनवर येई. "हाय डॅडा, फाइन डॅडा, ममीला देते डॅडा." एका श्वासात, जशी शाळेत हजेरी.

गुरुवारी संध्याकाळी शेठ यायचा. एखाद्या विमानात शिडीने चढून बसायचा, गुडघे कुरकुरायचे. "यल्ला दुक्लास, बॉम्बे!" खालून डग्लस ओरडे, "रेडी, बाबा!" दोघे हसत आणि विमान जागचं हलत नसे.

सहा विमानं झाली आणि शेठ वारला. सातवं राहिलं. रंग आणायला सांगणारंच कुणी उरलं नाही. काजळलेलं, पापुद्रे सुटलेलं ते एकटं विमान डग्लसला बघवेना. त्याने त्याच्यावर ताडपत्री टाकली. पगार येत होता, माणूस येत नव्हतं. एका गुरुवारी तो शेठच्या आवाजात म्हणून बसला, "यल्ला दुक्लास, बॉम्बे!" पत्र्याने ते परत ऐकवलं. पुन्हा त्याने कधी म्हटलं नाही.

दोन हजार आठ साली शेठची मुलगी सलमा आली. भावांना शेडची जागा हवी होती, तिला वडिलांची विमानं. "लंडनहून म्युझियमचा माणूस येतोय," ती हिंदीत म्हणाली. "त्याने सगळी घेतली तर सात विमानं एकत्र राहतील, आणि त्यांच्याबरोबर तुम्हीही, डग्लस अंकल. नाहीतर उन्हाळ्याआधी शेड रिकामी."

डग्लसने आठवडाभर विमानं पुसली. एवढ्या वर्षांत त्याने दुसरं केलंच काय होतं?

साहेब उंच होता, वाकून चालायचा. पहिल्या विमानापाशी "हं". दुसऱ्यापाशी "हं... हं". चौथ्यापाशी "ओ डिअर". सहाव्यापाशी थांबून त्याने विचारलं, "हे कुणी केलं?"

"मी, सर! ऑल सिक्स!" डग्लस छाती काढून म्हणाला.

साहेबाने चष्मा काढला आणि उगाच पुसत बसला. मग सलमाशी इंग्रजीत बराच वेळ बोलला. सलमा डग्लसकडे वळली. "अंकल, त्यांना तो जुना रंगच हवा होता. पायलटची नावं, गोळ्यांची भोकं, धुराचे डाग. आता ही नुसती... सुंदर आहेत."

साहेब तोवर ताडपत्रीकडे निघालेला. डग्लस आडवा आला. "नॉट रेडी, सर. व्हेरी डर्टी." साहेबाने ताडपत्री वर केली, शिडी चढून आत डोकावला. सीटशेजारी कुण्या पायलटने पेन्सिलने एक घर काढलं होतं. घराला धुरांडं, दारात एक बाई. डग्लसचा हात सवयीने फडक्याकडे गेला.

"प्लीज," साहेब म्हणाला. "धूळसुद्धा नको."

सातवं म्युझियमला गेलं. बाकीची सहा एका रिसॉर्टने फाटकात खांबांवर चढवायला घेतली. त्यांना चकाकणारीच हवी होती. पुसायचंच नाही तिथे रंगारी कशाला, आणि रिसॉर्टचे रंगारी त्यांचे त्यांचे. सलमाने व्हिसा कॅन्सल करताना डग्लसचा हात बराच वेळ सोडला नाही.

शुक्रवारी अबू हमूरच्या नव्या चर्चमध्ये मिस्सा झाली. वसईची माणसं गटागटाने बिर्याणीचे बेत करत होती. डग्लसने गाड्यांच्या रांगेआड जाऊन फोन लावला.

"काय रे, जेवली का तुझी विमानं?"

"सहा जेवली. एक उपाशी होतं. म्युझियमने तेवढंच घेतलं."

"आणि तू?"

"मी येतोय. कायमचा."

पलीकडून आयरीन भडभडा बोलू लागली. "ये रे, ये! सणाच्या आत ये. या वर्षी घर तूच रंगव."

"आयरीन, स्वयंपाकघराच्या दारामागे फियोनाच्या उंचीच्या रेघा आहेत ना? पेन्सिलीच्या? मी निघालो तेव्हा कमरेएवढी होती बघ."

"त्या कुठल्या आता? दर वर्षी घासतो ना आपण. तूच तर सांगतोस, आधी घासून घे म्हणून."

मागून फियोनाचा आवाज आला, "हू इज इट, ममी?"

"डॅडा. विचारतोय, तू केवढी झालीस."

"टेल हिम फाइन."