आईच्या पेन्शनचा अर्ज

कोथिंबिरीच्या जुड्यांनी भरलेल्या टेम्पोत, ड्रायव्हरशेजारी बसून मी गाव सोडलं. वडील आदल्या वर्षीच गेले होते. आईनं भाकरीचं फडकं माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "जिवाला घोर लावून घेऊ नगं. माझं मी बघते." तिनं रडावं असं मला वाटत होतं. ती रडली नाही, याचा मला थोडा रागच आला.

पुण्याच्या मार्केट यार्डात एका आडत्याच्या गाळ्यावर मी शेतकऱ्यांच्या मालाच्या हिशेबपट्ट्या लिहायला लागलो. बिबवेवाडीत खोली घेतली, पुढे लग्न, मुलीची शाळा. गावाकडे मदत पोचायची ती सणासुदीला. अशात निराधार म्हाताऱ्यांच्या पेन्शनचं कळलं. अडचण एकच होती: कमावता मुलगा सांभाळत असेल तर पेन्शन नाही. यावर गावात तोडगा ठरलेला होता. आमच्या आळीत ज्यांची मुलं पुण्यात, त्या बहुतेक आयांनी ती कागदावरून पुसून टाकली होती. गावाकडून इथं आलेल्या तुमच्यातल्या बऱ्याच जणांना हे ठाऊक आहे, उगाच माना खाली घालू नका.

आईचा अर्ज मीच लिहिला, कारण अक्षर माझं चांगलं. 'मला मुलगा नाही. सांभाळणारं कोणी नाही.' लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही, हे आता राहून राहून आठवतं. खाली तिचा अंगठाही मीच धरून टेकवला. चौकशीला माणूस येणार होता, त्या दिवशी तिनं माझ्या लग्नाचा फोटो भिंतीवरून काढून धान्याच्या कणगीत ठेवला. पुढे दर वर्षी हयातीचा दाखला द्यायला मी तिला बँकेत न्यायचो. साहेबानं विचारलं, "आजी, सोबत कोण?" की ती शांतपणे सांगायची, "शेजारचा हाय." बाहेर आल्यावर आम्ही दोघं पोट धरून हसायचो.

माझं बरं चालायला लागलं तेव्हा मी म्हटलं, बंद करू ती पेन्शन, चल पुण्याला. तिनं ऐकलं नाही. "ती माझी हाय. तुझ्या म्होरं हात पसरायला लावू नगं." दोन वर्षांपूर्वी ती अंगणात पडली, तेव्हा मी तिला उचलूनच आणली. पेन्शन बंद करायचा अर्जही मीच लिहिला.

सोसायटीत कुणी विचारलं, की ती सांगते, "मला मुलगा न्हाई. ह्यो शेजारचा." बायको ओशाळते. समोरच्या फ्लॅटमधले काका म्हणाले, "अहो, आजींशी भाडेकरार केलाय का आपण?" मी हसून सांगायचो, चौकशीची भीती अजून गेलेली नाही तिची, लोकांपुढं बोलते तेवढंच. माझाही यावर विश्वास होता.

गावचं घर आता कुलूपबंद आहे. त्याचं मला फारसं वाटत नाही. मी ज्याला घर म्हणत आलो ते एवढंच, की आईनं मला नावानं हाक मारावी.

परवा दुपारी बायको आणि मुलगी बाहेर गेल्या होत्या. मी आईला वरणभात भरवला, तोंड पुसलं. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "परक्या म्हातारीचं एवढं करतोस. तुझी आई नशिबाची हाय, बाबा."

दार लावलेलं होतं. ऐकायला घरात तिसरं कुणी नव्हतं.